तीनशे अठरा नंबरचं तोंड

माझा मोठा भाऊ माणसांना मार्क देतो. छत्तीस वर्षं तो शाळेत मास्तर होता, त्यातली शेवटची अकरा हेडमास्तर. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्याच्याकडून किल्ल्या परत घेतल्या, पण सवय घ्यायची राहून गेली. तेव्हापासून चहा, जावई, डॉक्टर, शेजाऱ्यांची नवी खिडकी, जे समोर येईल त्याला तो दहापैकी मार्क देतो. चहाला सात मिळाले तर वहिनी दिवसभर खुशीत असतात. जावई बिचारा सहावर अडकलेला आहे. दहा आजपर्यंत कोणालाच मिळाले नव्हते. दहा दिले की माणूस बिघडतो, असं दादाचं मत.

मी साडेपाच. म्हणजे माझं काम, माझं घर, माझं अक्षर, माझं गाडी चालवणं, सगळं मिळून. माझ्या बायकोला सात आहेत, आणि ते तिने मला कधी विसरू दिलेलं नाही. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. मलाही येतं. एकोणसाठ वर्षांचा, टक्कल पडलेला, गुडघे दुखणारा माणूस दर रविवारी भावाकडे जेवायला जातो आणि परत येताना विचार करतो, आज अर्धा मार्क वाढला की नाही. पण वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि दादा एकोणीसचा. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही त्याची असायची आणि सहीच्या वर एकच शब्द, 'ठीक'. त्याच्या पुढचा शब्द ऐकायला मी बावन्न वर्षं कान टवकारून बसलो होतो. हे कबूल करायला आता मला लाज वाटत नाही.

मी कवळ्या करतो. डॉक्टर नाही. डॉक्टर पुढे काचेच्या दारामागे बसतात, मी मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत. दोन टेबलं, एक गॅसची शेगडी, पॉलिशचं मशीन आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. सात डॉक्टर माझ्याकडे काम पाठवतात. त्यातला सर्वांत मोठा, ज्याच्या दवाखान्यात मासे पोहतात तो, पेशंटला सांगतो की आमच्याकडचे दात बाहेरून येतात. त्यात खोटं काही नाही. मी बाहेरच बसतो.

डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा ठसा पाठवतो, त्यात प्लास्टर ओतून मी जसंच्या तसं तोंड तयार करतो. त्याला आम्ही तोंडच म्हणतो. नाव कोणाचंच येत नाही, फक्त नंबर. त्या तोंडावर मेणात दात बसवायचे, एकदा पेशंटला लावून बघायला पाठवायचे, परत आले की पक्की कवळी करायची. आणि एक नियम आहे, तो मला माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी सांगितला. पेशंट खूश झाल्याचा निरोप येईपर्यंत तोंड फळीवर जपून ठेवायचं. निरोप आला की फोडायचं, नाहीतर खोलीत तोंडंच तोंडं होतील. त्यामुळे मी आठवड्याला दहा-बारा जणांची तोंडं फोडतो, आणि माझ्यासारखा गरीब स्वभावाचा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

माझी एक खोड आहे. वरच्या ओळीत, समोरच्या दोन मोठ्या दातांच्या डावीकडचा जो दात, तो मी किंचित वळवून बसवतो. किंचित म्हणजे मुद्दाम बघितल्याशिवाय दिसणार नाही इतका. पण त्या एका दाताने सगळी ओळ जिवंत होते. एकसारखे सरळ दात हे कुंपणाला शोभतात, तोंडाला नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अडतीस वर्षांत माझं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं, आणि निम्मे डॉक्टर त्यावर चिठ्ठी पाठवायचे, 'तो दात सरळ करावा.' मी सरळ करायचो. 

तीनशे अठरा नंबरचं तोंड माशांच्या दवाखान्यातून आलं. अवघड तोंड होतं. खालच्या हिरड्या झिजून सपाट झालेल्या, कवळीला धरायला जागाच नाही. मी त्यावर नऊ दिवस घालवले. मेणाचे दात बघायला पाठवले आणि नेहमीच्या चिठ्ठीची वाट बघत बसलो. चिठ्ठी आली: 'पेशंट म्हणतो, डावा दात आहे तसाच ठेवा.' मी ती चिठ्ठी टेबलासमोर खिळ्याला लावून ठेवली. कोण असेल हा माणूस, एकदा भेटायला पाहिजे, असं बायकोला म्हणालोसुद्धा.

त्या दिवसांत रविवारची जेवणं बंद होती. दोन महिने झाले, दादाला बरं नाही, भेटायला येऊ नका, असं वहिनी फोनवर सांगायच्या. काय झालंय ते सांगत नव्हत्या. मग एका शनिवारी दादाचाच फोन आला. "उद्या या," म्हणाला, "दोघंही."

दार त्यानेच उघडलं. उघडलं आणि हसला. माझा भाऊ गेली सहा-सात वर्षं तोंडावर हात धरून हसत होता, उरलेसुरले काळे दात दिसू नयेत म्हणून. आज हात खाली होता आणि तोंडभर दात होते. मी आत पाऊल टाकायच्या आधी डावीकडचा दात बघितला. मग खालची ओळ बघितली. आपलं मूल शाळेतून बाहेर येणाऱ्या शंभर पोरांतून ओळखायला किती वेळ लागतो? तेवढाच लागला.

"बस छोट्या," दादा म्हणाला. मला तो अजून छोट्याच म्हणतो. "बस आणि बघ." त्याने टेबलावरचं सफरचंद उचललं, सुरी बाजूला सारली आणि कचकन चावा घेतला. वहिनींनी टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी ठेवल्या.

"दोन महिन्यांपूर्वी सगळे काढून टाकले," तो चावत चावत सांगू लागला. "कोणाला बोललो नाही. तुला तर मुद्दामच नाही. घरच्या माणसाकडून काम करून घेतलं की पंचाईत होते. बिघडलं तर बोलता येत नाही."

ज्या माणसाने मला बावन्न वर्षं बोलायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं, त्याला ही अडचण पडली होती.

"हे बघ," त्याने ओठ वर करून दाखवला, "हा दात बघ. जरासा वाकडा. मुद्दाम! डॉक्टर सरळ करून देत होता, मी म्हटलं, खबरदार. ज्याने हे केलंय त्याला काहीतरी कळतं. दात बाहेरून येतात त्यांचे. याला म्हणतात कारागिरी, छोट्या. अडतीस वर्षं तू यातच आहेस, पण असं काम तुझ्या हातून..." त्याने वाक्य सोडून दिलं, दया आल्यासारखं. मग म्हणाला, "दहा. दहापैकी दहा."

बायकोने माझ्याकडे बघितलं. वळवलेल्या दाताची गोष्ट तिला तोंडपाठ आहे.

"अगदी यांचा लग्नातला दात," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "तस्साच होता, भाऊजी, तुम्हाला आठवत नसेल. पुढे किडला आणि काढावा लागला, तुम्ही दहा-अकरा वर्षांचे असाल तेव्हा."

मला आठवत नव्हतं. पण सात वर्षांचा पोरगा दादाच्या कमरेइतका उंच असतो, आणि खालून वर बघितलं की आधी दातच दिसतात.   परतीच्या वाटेवर गाडीत बायको म्हणाली, "म्हणजे अर्ध्या शहराच्या तोंडात तुम्ही तुमचे दादा बसवलेत."

मी तीन दिवस दम धरला. धरायला हवा होता आणखी, हे आज कळतं. पण दहा मार्क मिळालेत आणि ते आपल्या नावावर लागलेले नाहीत, ही गोष्ट माणसाला झोपू देत नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाने कधी करू नये अशी चूक मी बुधवारी केली. पेशंटला भेटायला गेलो. तीनशे अठराचं तोंड वर्तमानपत्रात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि दादाकडे जाऊन टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"तुझं तोंड," मी म्हणालो. "कवळी काढ आणि बसव त्यावर."

दादाने आधी माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे. मग पाठ फिरवून कवळी काढली आणि प्लास्टरवर ठेवली. ती बसली. नुसती बसली नाही, टक् असा आवाज झाला, डबीचं झाकण लागावं तसा.

"दादा, हे दात मी केलेत. नऊ दिवस लागले. तो दात मीच वळवलाय. तू तसाच ठेवा म्हणालास ती चिठ्ठी माझ्या टेबलासमोर लावलेली आहे."  मी प्रगतिपुस्तक पुढे धरून उभा होतो, दुसरं काही नाही.

दादाने कवळी उचलली, पालथी केली, उजेडात धरली. तोंडात घातली. जबडा एकदा डावीकडे हलवला, एकदा उजवीकडे. 

"तरीच," दादा म्हणाला. "तरीच उजवीकडे टोचत होतं."

मी तोंड परत वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि घरी आलो.

शुक्रवारी वहिनींचा फोन. दादा दात लावत नव्हता, दुधात पाव बुडवून खात होता. शनिवारी दादाचा स्वतःचा फोन. "मी नीट विचार केला," तो म्हणाला. दात नसल्याने त्याचे शब्द गळत होते, त्यामुळे तो नेहमीपेक्षा सावकाश बोलत होता. "टोचतं. बोलताना हलतं. आणि तो दात जरा जास्तच वाकडा आहे, आता लक्षात येतंय. साडेचार. पण तू घरचा आहेस, म्हणून पाच."

आता कोणीही म्हणेल, यात काय मनाला लावून घ्यायचं? दात तेच, तोंड तेच, मधे फक्त एक नाव आलं. मलाही हे दिसत होतं. दिसत असूनही मी ते लावून घेतलं. त्या आठवड्यात तीन कवळ्या हातात होत्या. तिन्हींतला डावा दात मी कोणी न सांगता सरळ केला. मग वाटलं, बाकीचेही नीट एका रेषेत घ्यावेत. पट्टी लावून घेतले. उजवीकडे टोचेल म्हणून तिन्ही उजवीकडून जास्त घासल्या. तिन्ही परत आल्या. एक हलत होती, दुसरीतून शिट्टी वाजत होती, आणि तिसरीबरोबर डॉक्टरची चिठ्ठी होती: 'पेशंट म्हणते, नकली दिसतात. तब्येत बरी आहे ना?'

अडतीस वर्षांत एका आठवड्यात तीन परत कधी आल्या नव्हत्या. मी त्या घरी घेऊन आलो आणि जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो. बायको भाजी चिरत होती. तिने माझ्याकडे बघितलं, कवळ्यांकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

"दादांना तुमचं काम कळतं का?" तिने विचारलं.

"त्याला काय कळणार? तो मास्तर."

"मला कळतं?"

"नाही."

"डॉक्टरला?"

"थोडंफार."

"मग कळतं कोणाला?"

मी शिट्टी वाजणारी कवळी उचलून उलटी केली.

"ज्याला कळतं त्याला विचारा," ती म्हणाली, "आणि ही दुसऱ्यांची तोंडं माझ्या टेबलावरून उचला. इथे जेवायचंय."

बायकोला सात मार्क उगीच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्या तिन्ही कवळ्या पुन्हा करायला घेतल्या, डाव्या दातासकट, आणि तिन्ही पेशंटचा खूश असल्याचा निरोप आला. पण खरी परीक्षा त्याच्या पुढच्या सोमवारी माशांच्या दवाखान्यातून पाकिटात घालून आली. आत वरखालची कवळी आणि चिठ्ठी: 'पेशंट ३१८. उजवीकडे टोचते, हलते. दुरुस्त करून द्यावी.' खाली डॉक्टरने वेगळ्या शाईत लिहिलं होतं, 'पेशंटची खास विनंती, काम दुसऱ्या कारागिराला द्यावे.' आणि त्याच्याखाली, 'दुसरा कुठून आणू? तुम्हीच बघा.'

मी दार लावून घेतलं. फळीवरून तोंड काढलं, कवळी त्यावर बसवली. टक्. उजवीकडे दाबली, डावीकडे दाबली, हलली नाही. मग कापसाचा बोळा घेऊन आतून सगळीकडून हलक्या हाताने फिरवला. केसाएवढा खडबडीतपणा असला तरी कापसाचा तंतू तिथे अडकतो. एकही अडकला नाही. मी चार वेळा फिरवला. पहिल्या तीन वेळा मी दादाच्या बाजूने बघत होतो, चूक सापडावी म्हणून. चौथ्या वेळी मी कोणाच्याच बाजूने बघत नव्हतो. नुसतं काम बघत होतो. झिजलेल्या सपाट हिरडीवर मी ती खालची कवळी कशी उभी केली होती, कुठून आधार घेतला होता, कुठे जिभेला वाट ठेवली होती. माझे डोळे भरून आले, हे सांगून टाकतो. इतकं चांगलं काम होतं ते, आणि ते बघायला त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मला ते पुरलं.

तो दात बघितला. खोड दादाकडून आली असेल तर असो. अक्षरंही आपण दुसऱ्याचीच गिरवतो. वळण आपलं होतं.

मग मी दुरुस्ती केली. म्हणजे कवळी पाण्याच्या वाटीत ठेवली, वाटीवर झाकण घातलं आणि तीन दिवस तिच्याकडे बघितलं नाही. लगेच परत दिली तर कोणाचा विश्वास बसत नाही. गुरुवारी पुसली, नव्या पाकिटात घातली आणि पाठवून दिली.

रविवारी दादाचं बोलावणं आलं. दार त्यानेच उघडलं, तोंडावर हात न धरता. टेबलावर सफरचंद तयारच होतं.

कच् असा आवाज झाला. "बघितलंस?" दादा म्हणाला. "आता बोल. मी डॉक्टरला स्पष्ट सांगितलं, दुसऱ्या माणसाला द्या. रागावू नकोस, छोट्या, पण हाताहातांत फरक असतो. त्याने असं काय केलं देव जाणे, पण टोचणं गेलं, हलणं गेलं. आणि तो दातसुद्धा त्याने जरा नीट वळवून दिला. आधी जास्त होता. दहा!"

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. फक्त चार शब्द लागले असते, 'मी काहीच केलं नाही.' बायकोने काटा खाली ठेवला होता आणि ती वाट बघत होती. वहिनीही माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेवरून मला वाटलं, त्यांना सगळं कळलं आहे आणि दुधातल्या पावाचे दिवस त्यांना पुन्हा नको आहेत. दादा मात्र कोणाकडेच बघत नव्हता. एकाहत्तर वर्षांचा माझा भाऊ सफरचंद खात होता, आणि रस हनुवटीवरून ओघळत होता.

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"ऐक माझं," तो म्हणाला, "त्या माणसाचा पत्ता काढ. चार दिवस त्याच्या हाताखाली जाऊन बस. अजून वेळ गेलेली नाही. तुझ्यात कष्टाची तयारी आहे, ती मी कधी नाकारली नाही."

"बसतो," मी म्हणालो. "उद्यापासूनच बसतो."

गाडीत बायको म्हणाली, "का नाही सांगितलंत?"

"जेवू दे त्याला," मी म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघत हसली. "आठ," म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, मला नकोत.

सोमवारी ठरल्याप्रमाणे सकाळी नऊ वाजता त्या माणसाच्या खोलीवर गेलो, कुलूप उघडलं आणि कामाला बसलो. दुपारी माशांच्या दवाखान्यातून निरोप आला, तीनशे अठरा एकदम खूश. मी हातोडी काढली. त्या आठवड्यातली नऊ तोंडं फोडली आणि दहावं हातात घेतलं.

ते मी फोडलं नाही. नियम मोडायची अडतीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. टेबलासमोर, चिठ्ठीच्या वरच्या फळीवर, मी ते माझ्याकडे तोंड करून ठेवलं आहे. दिवसभर ते माझं काम बघतं, आणि एक शब्द बोलत नाही.